वस्तऱ्याने दाढी करणारे इथे कोण कोण आहेत? (धार, पट्टा आणि बाकी सगळं)

विभाग : छंद आणि कारागिरी

तळेगावकर

घडीचा वस्तरा परत आलाय. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवून वापरतात तो मी म्हणत नाहीये. पातं कायमचं, धार आपली आपण राखायची, तो जुना वस्तरा. मी स्वतः बरीच वर्षं रोजची दाढी त्यानेच करतो, आणि अलीकडे ओळखीतली तिशीतली मुलं येऊन विचारायला लागलीत की कुठून घ्यायचा, कसा धरायचा. इथे फाउंटन पेनवर, चावीच्या घड्याळांवर, बिडाच्या तव्यांवर धागे आहेत, यावर सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी. १९०३ साली जिलेटने बदलत्या पात्यांचा रेझर बाजारात आणला, तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हे रेझर दिले गेले आणि लाखो तरुण ती सवय घेऊन घरी परतले. वस्तरा मग न्हाव्याच्या धोकटीपुरता उरला. पुढे १९७१ मध्ये दोन पाती एकावर एक आली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच, आणि दर वेळी कार्ट्रिजची किंमत चढत गेली. बऱ्याच जणांचा वस्तऱ्याकडे वळण्याचा पहिला विचार तिथेच सुरू होतो, महिन्याच्या सामानाच्या बिलावर.

दुसरं कारण इंटरनेट. दोन हजारनंतर जगभरातल्या शौकिनांना एकमेकांचा पत्ता लागला. त्यात २०१२ च्या बाँडपटात वस्तऱ्याने दाढी करण्याचा प्रसंग आला आणि ब्रिटनमधल्या दुकानदारांनी मागणी एकदम वाढल्याचं सांगितलं. आपल्याकडे टाळेबंदीचा हातभार लागला. २०२० च्या जूनअखेर महाराष्ट्रात सलून उघडली तरी सुरुवातीला केस कापायला मुभा होती, दाढीला नव्हती. घरी करणं भाग पडलं, आणि ज्यांना त्यात गोडी लागली ते तिथेच थांबले नाहीत.

आता मुद्द्याचं. नवीन येणारा माणूस सगळे पैसे वस्तऱ्यावर घालतो. मुठीला शिंग हवं, पात्यावर नक्षी हवी. धारेचा विचार शून्य. मग पहिल्या दिवशी केस ओढले जातात, कातडी सोलवटते आणि वस्तरा कपाटात जातो. माझं मत ठाम आहे: हा छंद धारेचा आहे. पट्टा (धार नीट करायचा चामड्याचा) आणि दगड ज्याला जमला त्याला कुठल्याही बऱ्या वस्तऱ्याने सुंदर दाढी करता येते. ज्याला जमला नाही त्याला सर्वात महागडा वस्तराही उपयोगाचा नाही.

रोजची पट्ट्याची क्रिया अशी. पट्टा खुंटीला अडकवून डाव्या हाताने ताणायचा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम चामड्यावर सपाट टेकवायची. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर धार उचलून वस्तरा फिरवायचा नाही. पाठ चामड्यावरच ठेवून, बिजागरीवर दार फिरतं तसा तो पाठीवर पालटायचा आणि मग परत यायचं. दाब जवळजवळ नाहीच. आधी कापडी पट्ट्यावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. चामडं नीट तापलं की आवाज बदलतो, पहिल्या फेऱ्यांचा कोरडा खरखराट जातो आणि सलग, मऊ आवाज येतो. तो आवाज ओळखता आला की निम्मं काम झालं.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्नही विचारा.

नवखा_सातारा

काका, अगदी वेळेवर धागा. माझी दाढी दाट आहे, केस कुरळे. पाच पात्यांच्या रेझरने मानेवर फोड येतात आणि काळे डाग राहतात. सुरुवात सलूनसारख्या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याने करू का? तो दोन-तीनशेला मिळतो. खऱ्या वस्तऱ्याची किंमत बघून थांबलोय.

तळेगावकर

हाताला वळण लावायला अर्ध्या ब्लेडचा चालेल, पण तो सोपा आहे असं समजू नका. तो हलका असतो आणि ब्लेडची धार फार बोचरी. कोन जरा उभा झाला की लगेच रक्त. खऱ्या वस्तऱ्याला अंगचं वजन असतं, ते वजनच केस कापतं, हाताने फक्त दिशा द्यायची.

घ्यायचाच झाला तर पातं ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचं, टोक गोल, पोकळ घासणीचं (दोन्ही बाजूंनी आत घासलेलं). चौकोनी टोकाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, कान आणि नाकपुडी दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. जर्मनीतल्या सोलिंगेनचा नवा वस्तरा मागवला तर जकातीसकट पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. जुना, पण जाणकाराने धार लावून दिलेला, बराच स्वस्त पडतो. पट्टा मात्र सुरुवातीला साधाच घ्या, कारण नवख्या हाताने त्याला काप जाणार हे धरून चला.

पहिले काही आठवडे फक्त दोन गाल. बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने. पात्याच्या दांड्यावर तीन बोटं, शेपटीवर करंगळी, अंगठा खालून. कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली, पातं कातडीशी साधारण तीस अंशांवर. केसांच्या दिशेनेच. आणि कधीही धारेच्या दिशेने आडवं सरकवायचं नाही, काकडी चिरताना सुरी सरकते ती हालचाल इथे वर्ज्य. हनुवटी सगळ्यात शेवटी शिकायची.

कोलोनवासी

मी सोलिंगेनच्या शेजारी राहतो, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. तिथलं थोडं सांगतो, कारण वस्तऱ्यावर ‘सोलिंगेन’ लिहिलेलं आपण वाचतो पण त्यामागे काय आहे ते कळत नाही.

ग्रेफ्राट नावाचा जुना भाग आहे, तिथे पूर्वीच्या मठात पात्यांचं संग्रहालय आहे. तलवारींपासून दाढीच्या वस्तऱ्यांपर्यंत सगळं. पण मला जास्त आवडले ते वुपर नदीकाठचे ‘कोटन’, म्हणजे पाणचक्कीवर चालणारे घासणीचे कारखाने. एक-दोन अजून उभे आहेत आणि बघता येतात. नदीच्या पाण्यावर मोठं लाकडी चाक फिरायचं, त्यावर आतले सहाणीचे दगड. घासणारे कारागीर बहुतेक स्वतंत्र, मालकाकडून लोखंडी पाती घरी आणून तुकड्यावर काम करणारे. दगडाच्या धुळीने फुप्फुसं खराब होऊन तरुणपणी जाणारेही त्यात पुष्कळ होते. तिथला मार्गदर्शक हे सांगताना आवाज चढवत नाही, पण लपवतही नाही.

नावाला कायद्याचं संरक्षण आहे, १९३८ पासून. मुख्य घडणीचं काम सोलिंगेन भागात झालं असेल तरच पात्यावर ते नाव टाकता येतं. डोव्हो (१९०६) आणि ब्योकर (१८६९) आजही वस्तरे बनवतात. फ्रान्समध्ये तिएर गावात तिएर-इसार १८८४ पासून आहे. पण पोकळ घासणी हाताने करणारे लोक आता मोजकेच. मागणी वाढली म्हणून रातोरात उत्पादन वाढवता येत नाही त्याचं कारण हेच, हात तयार व्हायला वर्षं लागतात.

धातूवाला_सांगली

पोकळ घासणी म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगतो, धातुशास्त्र माझा पोटापाण्याचा विषय आहे.

वस्तऱ्याचं पातं आडवं कापून बघितलं तर ते दोन्ही बाजूंनी आत गेलेलं दिसेल. दोन गोल चाकांच्या मध्ये धरून ते घासतात. पाठ जाड, मधला भाग कागदासारखा पातळ. अंगठ्याच्या नखाने धारेला हलकं टेकवून सोडलं तर उत्तम पोकळ पातं चक्क वाजतं. जुनी, इंग्लंडमधल्या शेफिल्डची पाती अनेकदा पाचरीसारखी भरीव असतात, ती वाजत नाहीत, पण राठ दाढीत डगमगत नाहीत. मला ती आवडतात.

यातली खरी हुशारी पाठीच्या जाडीत आहे. दगडावर पाठ आणि धार एकदम टेकवली की धारेचा कोन आपोआप ठरतो, साधारण १६ ते १८ अंश. कोन हाताने धरावा लागतच नाही. पाठ आणि रुंदी यांचं प्रमाण घडवणाऱ्यानेच बसवून दिलेलं असतं.

पोलादात कार्बन साधारण एक टक्का. पाणी देऊन कडक करतात आणि मग कमी तापमानाला, २०० अंशांच्या आसपास, परत तापवून ठिसूळपणा काढतात. कडकपणा रॉकवेल मापावर साठच्या आगेमागे राहतो. म्हणूनच हात जोडून विनंती: जुना गंजका वस्तरा मिळाला की त्याला विजेच्या बफिंग चाकावर चमकवायला देऊ नका. पातळ धार क्षणात तापते. ती निळी पडली म्हणजे ३०० अंशांपर्यंत गेली, पाणी उतरलं. बाहेरून आरशासारखा चमकेल, पण धार धरणार नाही. ओला पॉलिश पेपर आणि सबुरी, दुसरा मार्ग नाही.

दगडांचं (आकडा जितका मोठा तितके कण बारीक): १००० चा दगड फक्त धारेचा उतार नव्याने बसवायचा असेल तर. मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२०००. बेल्जियमच्या आर्देनमधला कोटिक्यूल हा पिवळसर नैसर्गिक दगड आहे, त्यातले गार्नेटचे बारीक कण कापतात. एकाच दगडावर, घासून निघणारा चिखल घट्ट-पातळ करत सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाता येतं. महाग आहे, पण काम बघण्यासारखं. आणि कुठलाही दगड सपाट असलाच पाहिजे. मधे खळगा पडलेल्या दगडावर कितीही फेऱ्या मारा, फुकट.

वारिक_उदगीर

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. मी नाभिक समाजातला आहे, माझे वडील आणि आजोबा दोघांनी आयुष्यभर हेच केलं. मी नोकरीत गेलो. म्हणून थोडं आमच्या बाजूचं.

आजोबांची धोकटी अजून घरात आहे. वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, आरसा, पाण्याची वाटी, काळा दगड आणि चामड्याचा तुकडा. वस्तरा आधी दगडावर, मग चामड्यावर, आणि शेवटी स्वतःच्या डाव्या तळहातावर. आजोबांच्या तळव्याची ती कड घट्टा पडून गुळगुळीत झाली होती. बारा हजारचा दगड त्यांनी बघितला नाही. पण गावातला एक माणूस त्यांच्या हातून कधी ‘ओढतंय रे’ म्हणाला नसेल.

हे काम बलुत्याचं होतं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, वर्षभर घरोघरी जाऊन दाढी-डोई करायची. ज्याच्या दारात बसून त्याच्या गळ्याजवळ वस्तरा धरायचा, त्याच्या घरात पाणी मागायची मात्र चोरी. आमच्या घरात वस्तऱ्याच्या आठवणी अशा आहेत. तुम्ही परंपरा म्हणता तेव्हा हेही त्यात धरा एवढंच सांगायचंय.

वडिलांनी १९९० नंतर खरा वस्तरा बंद केला. एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आधी म्हणायला लागलं, नवीन ब्लेड टाक. बरोबरच होतं ते. पाकिटातनं ब्लेड काढायचं, कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं अडकवायचं, गिऱ्हाइकाला दिसेल असं. पण त्याबरोबर धार लावायचं काम संपलं. माझ्या भावाचं स्वतःचं दुकान आहे, चांगलं चालतं, त्याला पट्टा येत नाही. वडिलांना येतो. आता शहरातल्या भारी दुकानात गरम टॉवेल देऊन वस्तऱ्याच्या दाढीचे कितीतरी पट पैसे घेतात, आणि ज्यांनी ही विद्या सांभाळली ते म्हातारे लोक घरात बसून आहेत. परदेशातले व्हिडिओ बघण्याआधी आपल्या गावातला सत्तरी ओलांडलेला कारागीर शोधा. त्याच्याकडून शिका आणि त्याला शिकवल्याचे पैसे द्या.

मृण्मयी_क

वारिकदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दाढीच्या धाग्यावर मी लिहीन असं वाटलं नव्हतं, पण वस्तऱ्याचा इतिहास निघालाच आहे तर एक गोष्ट राहू नये.

आमच्या घरात पणजीबद्दल मोठी माणसं फार बोलत नसत. ती नवव्या वर्षी विधवा झाली. नंतर ठरावीक दिवशी मागच्या पडवीत न्हावी यायचा. तिने पुढे आयुष्यभर आरसा हातात धरला नाही, असं आजी सांगायची. हा वस्तरा तोच.

आणि त्याच वस्तऱ्याच्या बाजूने विरोध उभा राहिला, हेही तितकंच खरं. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांची संघटना बांधणारे तेच. त्या सभेची बातमी लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत गेली होती. ज्यांचं पोट त्या कामावर होतं, ज्यांना गावात नकार द्यायची सोय नव्हती, त्यांनी तो नकार दिला. महाराष्ट्रातल्या वस्तऱ्याबद्दल मला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि शाळेत ती कुणी शिकवली नाही.

तळेगावकर

ताई, हे इथे आलं याचा फार आनंद झाला. धाग्याच्या सुरुवातीला मी जिलेटपासून इतिहास सांगितला, आपला इतिहास तुम्ही आणि वारिकदादांनी पुरा केलात.

वारिकदादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. वडील शिकवायला तयार होतील का? माझ्यासारखे दहा-बाराजण सहज जमतील. योग्य मोबदला देऊन, त्यांच्या सोयीने.

त्वचातज्ज्ञ_ठाणे

आरोग्याच्या अंगाने थोडं. सातारकरांनी मानेवरच्या फोडांचं लिहिलंय, ते दवाखान्यात रोज बघते.

अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस वर ओढतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. कुरळा केस वाढताना तिथूनच वळून कातडीत घुसतो. त्याला शरीर बाहेरच्या वस्तूसारखं वागवतं, म्हणून फोड, पू आणि नंतरचा काळा डाग. एकाच पात्याने, केसांच्या दिशेने, फार गुळगुळीत करायचा अट्टहास न धरता दाढी केली तर हा त्रास बऱ्याच जणांचा कमी होतो. ते पातं वस्तऱ्याचं असो की साध्या दुधारी ब्लेडचं, फरक एका पात्याने पडतो. सातारकर, आत्ता फोड ताजे असतील तर आधी काही आठवडे दाढी बंद ठेवा, ट्रिमर वापरा, ते बसू द्या. फोडांवरून वस्तरा फिरवायचा नाही. डाग जात नसतील तर जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरं, आणि यावर तडजोड नाही: खरा वस्तरा एका माणसाचा. भाऊ, वडील, मित्र, कुणालाही द्यायचा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकं रक्त पुरतं. सलूनमध्ये नवं ब्लेडच मागा. वारिकदादांच्या वडिलांनी त्या वेळी घेतलेला निर्णय योग्य होता.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तर हा छंद सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. तुरटी मात्र जरूर वापरा. ओला खडा फिरवला की बारीक काप मिटतात, आणि जिथे झोंबलं तिथे आज दाब जास्त पडला हे कळतं.

नवखा_सातारा

डॉक्टर, मनापासून आभार. हे कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. ट्रिमरवर येतो आजपासून.

गिरगावची_चाळ

आजोबांच्या ट्रंकेत दोन वस्तरे मिळाले. एकावर मुकुटाचा छाप, ‘व्ही’ आणि ‘आर’ अक्षरं, खाली शेफिल्ड. मूठ पांढरट पिवळी. दुसऱ्याची मूठ पारदर्शक तपकिरी, कासवाच्या पाठीसारखी, आणि त्याच्या पात्यावर मुठीच्या आत राहणाऱ्या भागातच गंजाचे ठिपके आहेत. बाहेरचा भाग स्वच्छ. असं का? आणि किती जुने असतील?

जुनाबाजारी_पुणे

पहिला छान आहे. ‘व्हीआर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. त्याआधीच्या राजांच्या काळातल्यांवर ‘डब्ल्यूआर’ किंवा ‘जीआर’ असतं. आता शेफिल्डखाली ‘इंग्लंड’ लिहिलंय का बघा. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर ‘इंग्लंड’ सर्रास दिसायला लागतं. नुसतं शेफिल्ड असेल तर बहुधा त्याच्या आधीचा. पक्का पुरावा नाही, पण चांगली खूण आहे. जर्मन वस्तऱ्यांवरच्या ‘मेड इन जर्मनी’ची गोष्टही अशीच: सोलिंगेनचा माल शेफिल्डच्या नावाने खपतो अशी ओरड झाली आणि १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून देशाचं नाव घालायला लावलं. शिक्षा म्हणून आलेला शिक्का पुढे दर्जाची खूण झाला.

मूठ हस्तिदंताची की हाडाची ते भिंगाखाली बघा. हाडात बारीक काळसर रेघा आणि ठिपके दिसतात, हस्तिदंतात आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा. हस्तिदंत निघालं तर विकायच्या फंदात पडू नका, वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. बाकीच्यांनीही परदेशी लिलावातून हस्तिदंती मुठीचे वस्तरे मागवू नयेत, कितीही सुंदर दिसले तरी.

दुसऱ्याचं उत्तर मुठीतच आहे. ती सेल्युलॉइडची असावी. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की आम्लधर्मी वाफ सोडतं, आणि पातं घडी करून आत ठेवलं की नेमकं तिथेच गंजतं. आजच वस्तरा उघडा करून ठेवा आणि दुसऱ्या वस्तऱ्यापासून लांब, नाहीतर तोही जाईल. मूठ बदलून घ्या. खिळे हळूच काढले तर पात्याला काही होत नाही. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, तेव्हा जवळ दिवा-उदबत्तीही नको.

ठिपके धारेपर्यंत पोचले असतील तर दगडावर धार लावताना ती तिथे तुटत राहते. धारेपासून लांब असतील तर वस्तरा वाचेल. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात मी असतो, घेऊन या, बघून सांगतो.

गिरगावची_चाळ

‘इंग्लंड’ नाहीये! फक्त शेफिल्ड. तपकिरी मुठीचा लगेच वेगळा काढला. येतो रविवारी.

रत्नागिरीकर

आमच्याकडचा प्रश्न पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे कार्बन पोलाद कसं टिकवायचं? दर वर्षी वस्तरा पेटीत बंद करून ठेवतो आणि ऑक्टोबरला काढला की डाग.

धातूवाला_सांगली

पेटीत बंद ठेवल्यानेच डाग पडतात. रोज वापरा, रोज पुसला जाईल.

दाढी झाली की पातं धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसायचं. मुठीच्या आत, खिळ्यापाशी जे पाणी राहतं ते टिश्यू पेपर सारून टिपायचं, गंज बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. मग कोरड्या पट्ट्यावर पाच-सहा फेऱ्या. अर्धा तास उघडा ठेवून मगच घडी. न्हाणीघरात कधीच ठेवायचा नाही. चामड्याच्या म्यानातही नको, चामडं ओल धरतं.

आठवडाभर वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंनी पसरवा. खोबरेल तेल घरात असतं म्हणून लोक लावतात, पण ते खवट होऊन चिकट थर धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवला तरी चालेल, फक्त पुड्या मधून मधून वाळवून घ्या. पट्ट्यालाही बुरशी येते, तो कोरड्या खोलीत टांगलेलाच असू द्या, गुंडाळून ठेवू नका.

वारिक_उदगीर

तळेगावकर साहेब, वडिलांशी बोललो. आधी म्हणाले, आता कोणाला लागतंय हे. मग धागा वाचून दाखवला, ताईंचा १८९० चा प्रतिसादही. ते ऐकून गप्प बसले थोडा वेळ, आणि विचारलं की माणसं कधी येणार.

लांबचा प्रवास त्यांना झेपत नाही, तेव्हा उदगीरलाच यावं लागेल. एका वेळी चारच जण, जास्त झाले तर हात बघता येत नाही म्हणतात. दिवाळीनंतर जमवू, तेव्हा भावाच्या दुकानातही गर्दी कमी असते, खुर्च्या मोकळ्या मिळतील. मोबदल्याचं तुम्ही आणि मी खासगी निरोपात ठरवू, त्यांच्यासमोर तो विषय नको. भावालाही बसवणार आहे शिकायला.

नवखा_सातारा

दादा, पहिल्या चारांत माझं नाव धरा. तोपर्यंत फोडही बसतील. येताना काय आणू? वस्तरा अजून घेतला नाहीये. धातूवाले काकांनी सांगितलेला ८००० चा दगड आत्ताच मागवून ठेवू का?

वारिक_उदगीर

धरलं. दगड मागवू नका. वडील म्हणाले, पहिले दोन दिवस दगडाला हात लावू देणार नाही, फक्त पट्टा. पट्टा तेवढा स्वतःचा आणा, रुंदीला तीन इंच तरी असावा, आणि पाटीवरची पेन्सिल आणा. ती पात्याच्या धारेवर घासून, धार पट्ट्यावर आख्खी टेकतेय की नाही हे बघायची त्यांची पद्धत आहे, ती इथेच दाखवतील. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलंय त्यांना. सरावाला प्रत्येकाला घरातला वेगळा जुना वस्तरा देणार आहेत, आणि त्या वस्तऱ्याने कुणाची दाढी करायची नाही.